कंदातून रंग उजळवणारा नान्सीचा माळी

लग्नाच्या स्वागत समारंभात व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना उभ्या केलेल्या पुष्परचना असोत, की सत्कारमूर्तींच्या हाती दिला जाणारा गुच्छ. त्यात ग्लॅडिओलसचे उंच दांडे हमखास दिसतात. तळापासून शेंड्याकडे एकेक फूल उमलत जाते आणि फुलदाणीतला एकच दांडा कितीतरी दिवस घराला शोभा देतो. पुण्यातील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणि मुंबईत दादरच्या फूलबाजारात पहाटे या दांड्यांच्या जुड्या उतरतात. लाल, केशरी, पिवळा, गुलाबी, पांढरा, जांभळा असे नाना रंग त्यात असतात आणि कित्येक फुलांच्या घशाशी वेगळ्याच रंगाचा एक ठसठशीत डाग असतो. या डागाचा माग काढत गेल्यास तो थेट फ्रान्सच्या लोरेन प्रांतातील नान्सी या शहरात, एका मध्यमवयीन माळ्याच्या वाफ्यापर्यंत जाऊन पोहोचतो. त्या माळ्याचे नाव व्हिक्टर लमवान.

उद्यानशास्त्राच्या जगात लमवान यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. लायलॅक, पिओनी, फ्युशिया, बिगोनिया, मोगऱ्याशी रूपसाधर्म्य असलेला फिलाडेल्फस अशा अनेक फुलझाडांना त्यांनी नवे रूप दिले. तथापि बागेच्या कडेच्या वाफ्यांना, ज्यांना बागकामाच्या भाषेत ‘बॉर्डर’ म्हणतात, त्यांनी जे दिले ते काही वेगळेच होते. दरवर्षी जमिनीखालच्या गड्ड्यातून नव्याने उगवणाऱ्या, ऐन उन्हाळ्याच्या उत्तरार्धात बागेत आगीसारखे रंग भरणाऱ्या दोन वनस्पतींचे आजचे रूप बव्हंशी त्यांच्या हातून घडले. त्यातली एक ग्लॅडिओलस आणि दुसरी माँटब्रेशिया.

माळ्याच्या घरातला मुलगा

पिएर लुई व्हिक्टर लमवान यांचा जन्म २१ ऑक्टोबर १८२३ रोजी लोरेनमधील देल्म या छोट्या गावी झाला. वडील माळी, आजोबाही माळी. झाडांची संगत त्यांना वारशानेच मिळाली. जवळच्याच व्हिक-सूर-सेय या गावातील विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. त्या काळात चांगला माळी होऊ इच्छिणारा तरुण पुस्तकांवर विसंबून राहत नसे. निरनिराळ्या मोठ्या रोपवाटिकांत उमेदवारी करत, हाताने काम शिकत तो गावोगाव फिरे. लमवान यांनीही हाच मार्ग धरला. अल्सासमधील बोलविलेर येथील बाउमान यांची रोपवाटिका, बेल्जियममधील गेंट येथील लुई व्हान हूट यांचे उद्यानगृह आणि उत्तर फ्रान्समधील लील अशी त्यांची उमेदवारी झाली.

यातला गेंटचा मुक्काम त्यांच्या पुढील आयुष्याच्या दृष्टीने फार मोलाचा ठरला. व्हान हूट हे त्या काळी युरोपातील नामांकित रोपविक्रेते होते. आफ्रिका आणि अमेरिकेतून येणाऱ्या नव्या वनस्पती त्यांच्या काचगृहांत प्रथम दाखल होत. १८४१ मध्ये त्यांनी ग्लॅडिओलसचा एक नवा संकर बाजारात आणला होता. ड्यूक ऑफ आरेनबर्ग यांच्या पदरी असलेल्या बेडिंगहाउस या माळ्याने तो तयार केला होता. गेंट शहराच्या लॅटिन नावावरून त्याला ‘गांडाव्हेन्सिस’ असे नाव मिळाले. लालभडक रंगाचा, उंच दांड्याचा हा ग्लॅडिओलस हा हा म्हणता लोकप्रिय झाला. पुढे तीन दशकांनी याच ‘गांडाव्हेन्सिस’ला हाताशी धरून लमवान यांनी आपले काम आरंभिले.

गड्ड्याची किमया

ग्लॅडिओलस आणि माँटब्रेशिया या दोन्ही वनस्पती मूळच्या आफ्रिकेतल्या आणि दोन्ही केशराच्या कुळातल्या. त्या ज्यातून उगवतात त्याला वनस्पतिशास्त्रात घनकंद म्हणतात. कांदा आणि घनकंद वरून सारखे वाटले तरी दोन्हींत मोठा फरक आहे. कांदा कापला की आत पापुद्र्यांवर पापुद्रे दिसतात, कारण तो मांसल पानांचा बनलेला असतो. घनकंद कापला तर तो आतून भरीव असतो. खोडाचाच तळभाग अन्नाच्या साठ्याने फुगून तो तयार होतो. सुरणाचा गड्डा किंवा अळूचा कांदा ज्याने विळीवर चिरला आहे, त्याला घनकंद निराळा समजावून सांगावा लागत नाही.

ग्लॅडिओलसच्या घनकंदाचे वैशिष्ट्य असे, की तो एकाच हंगामाचा धनी असतो. जमिनीत लावलेला गड्डा कोंब, पाने आणि फुलांचा दांडा यांच्या वाढीत आपला साठा संपवून टाकतो. त्याच वेळी त्याच्या माथ्यावर, नव्या खोडाच्या तळाशी, दुसरा गड्डा आकार घेऊ लागतो. फुले झडून गेल्यावरही पाने हिरवी राहतात, ती या नव्या गड्ड्यात अन्न भरण्यासाठी. हंगामाच्या शेवटी झाड उपटले तर खाली वाळून चपटा झालेला जुना गड्डा, त्यावर टपोरा नवा गड्डा आणि भोवती मोहरी-वाटाण्याएवढी अनेक पिल्ले असे सारे कुटुंब हाती येते. ही पिल्ले लावली तर दोन-तीन वर्षांत तीही फुलावर येतात आणि त्यांची फुले हुबेहूब मूळ झाडासारखी असतात. बियांचे तसे नाही. बियांपासून आलेले प्रत्येक रोप निराळे असू शकते.

माळ्याचे सारे गणित या फरकावर आधारलेले असते. नवे रूप हवे असेल तर बी पेरावे, फूल येण्याची वाट पाहावी, शेकडो रोपांतून एखादे निवडावे. निवडलेले रूप टिकवायचे आणि वाढवायचे असेल तर गड्डे आणि पिल्ले जपावीत. पहिल्या कामाला नजर लागते, दुसऱ्याला वर्षे लागतात.

नान्सीतली रोपवाटिका

१८५० च्या सुमारास लमवान यांनी नान्सी येथे स्वतःची रोपवाटिका काढली. जागा बेताची, भांडवलही बेताचेच. व्यवसाय उभा करायचा तर इतरांकडे नसलेले काही तरी आपल्याकडे हवे, हे त्यांनी ओळखले. त्या काळी दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या फुलांना मोठी मागणी होती. १८५४ मध्ये त्यांनी दुहेरी फुलांची पोटेंटिला तयार केली आणि आपल्या शहराच्या सन्मानार्थ तिचे नाव ‘ग्ल्वार द नान्सी’ ठेवले. त्यानंतर फ्युशिया आणि जिरेनियम या कुंड्यांतल्या लोकप्रिय फुलझाडांच्या अनेक नव्या जाती त्यांच्याकडून बाहेर पडल्या. त्यांच्या सूचिपत्राची युरोपभरचे रोपविक्रेते वाट पाहू लागले.

या धंद्याची एक अडचण मात्र होती. वनस्पतीच्या नव्या वाणावर तो तयार करणाऱ्याचा हक्क सांगणारा कायदा तेव्हा नव्हता. आठ-दहा वर्षे खपून तयार केलेल्या वाणाचे गड्डे वा कलमे एकदा विकली, की घेणारा दुसऱ्या वर्षीच ती वाढवून स्वतः विकायला मोकळा होई. त्यामुळे पहिल्या एक-दोन हंगामांत जी विक्री होईल तेवढीच काय ती कमाई. टिकून राहायचे तर दरवर्षी नवे काही आणणे भाग होते. लमवान यांच्या अखंड उद्योगामागे जातिवंत कुतूहल तर होतेच, पण हा व्यवहारही होता.

युद्ध आणि हरवलेले गाव

१८७० च्या जुलै महिन्यात फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. ऑगस्टमध्ये जर्मन फौजा नान्सीत शिरल्या आणि १८७३ पर्यंत तेथे ठाण मांडून बसल्या. व्यापार ठप्प झाला. लमवान तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्यांचा मुलगा एमिल आठ वर्षांचा होता. झाडे होती, पण गिऱ्हाईक नव्हते.

या सक्तीच्या रिकामपणात त्यांनी लायलॅकचे काम हाती घेतले. लायलॅक हे थंड प्रदेशातले झुडूप असून वसंतात त्याला सुगंधी फुलांचे तुरे येतात. त्यांच्या बागेत दुहेरी फुलांचे एक जुने झाड होते. फुले लहान आणि निस्तेज, त्यांत पुंकेसर नाहीत आणि स्त्रीकेसरही बहुधा वेडेवाकडे. अशा एकेका फुलातला धड स्त्रीकेसर शोधून त्यावर दुसऱ्या चांगल्या झाडाचे पराग ठेवायचे, हे काम सुईत दोरा ओवण्याहून नाजूक होते. लमवान यांची दृष्टी तोवर अधू झाली होती आणि हातही पूर्वीसारखा स्थिर राहिला नव्हता. त्यांच्या पत्नी मारी-लुईझ यांनी हे काम आपल्याकडे घेतले. शिडीवर चढून, चिमट्याने पाकळ्या बाजूला सारत त्यांनी तुऱ्यामागून तुरे हाताळले. पहिल्या वर्षी एवढ्या खटाटोपातून मूठभरही बी हाती आले नाही. परंतु त्या थोडक्या बियांतून आणि पुढच्या वर्षांच्या प्रयत्नांतून जी झाडे उभी राहिली, त्यांनी लायलॅकचे रूपच पालटले. १८७६ पासून १९५५ पर्यंत लमवान घराण्याने लायलॅकच्या दोनशेहून अधिक जाती दिल्या. अमेरिकेत या फुलाला ‘फ्रेंच लायलॅक’ म्हणण्याची जी रीत पडली तिचे कारण हे घराणे होय. १८९० मधील शुभ्र दुहेरी फुलांची एक जात ‘मादाम लमवान’ या नावाने आजही बागांतून लावली जाते.

युद्धाने लमवान यांच्याकडून एक गोष्ट कायमची हिरावून नेली. १८७१ च्या तहानुसार अल्सास आणि लोरेनचा मोठा भाग जर्मनीला तोडून देण्यात आला. नान्सी फ्रान्समध्ये राहिले, पण त्यापासून जेमतेम तीसेक किलोमीटरवरचे देल्म सीमेपलीकडे गेले. जन्मगाव परक्या राज्यात जमा झाले. ते फ्रान्समध्ये परत आले पहिल्या महायुद्धानंतर, १९१८ मध्ये. तो दिवस पाहायला लमवान हयात नव्हते.

घशातला डाग

शांतता प्रस्थापित झाल्यावर लमवान ग्लॅडिओलसकडे वळले. ‘गांडाव्हेन्सिस’ची फुले देखणी होती. फ्रान्समध्ये फाँतेनब्लो येथील सूशे यांनी निवडीने त्यांत अनेक छटा आणल्या होत्या. पण त्याच त्या गोतावळ्यात संकर होत राहिल्याने नावीन्य आटू लागले होते. शिवाय गड्डे थंडी सोसणारे नव्हते. नवे रक्त हवे होते.

ते दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतातून आले. तेथील ‘पुर्प्युरिओ-ऑराटस’ नावाची एक रानटी जाती नुकतीच युरोपात पोहोचली होती. फुले पिवळट, आकाराने मध्यम, टोपडे घातल्यासारखी किंचित मिटलेली; एकूण रूप काही नजरेत भरणारे नव्हते. परंतु खालच्या पाकळ्यांवर तिच्या जांभळट तांबूस रंगाचे ठळक डाग होते. बहुतेकांनी केवळ वनस्पतिशास्त्रीय नमुना म्हणून पाहिलेल्या या फुलात लमवान यांना तो डाग दिसला. त्यांनी या जातीचा ‘गांडाव्हेन्सिस’शी संकर घडवून आणला. फूल पूर्ण उमलण्यापूर्वी त्यातले परागकोश काढून टाकायचे, दुसऱ्याचे पराग कुक्षीवर लावायचे, फळ पिकल्यावर बी गोळा करायचे आणि पेरून फुलाची वाट पाहायची, असा हा क्रम. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस हे संकर जगापुढे आले आणि ‘लमवानाय’ या नावाने ओळखले जाऊ लागले. घशाशी मखमली डाग असलेला ग्लॅडिओलस बागांमध्ये अवतरला तो येथून. हे गड्डे थंडीलाही पूर्वीच्यांपेक्षा अधिक टिकाव धरत.

लमवान एवढ्यावर थांबले नाहीत. ‘लमवानाय’ची फुले अजून मिटल्यासारखीच होती. ती पूर्ण उघडावीत म्हणून त्यांनी ‘साँडर्सी’ या दुसऱ्या आफ्रिकी जातीची मदत घेतली. ही ड्रॅकेन्सबर्ग पर्वतातली, मोठ्या पसरट फुलांची आणि काटक जात. तिच्या संकरातून आलेला वर्ग १८८९ मध्ये, आयफेल मनोरा उभा राहिला त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. आपल्या शहराच्या नावावरून त्यांनी त्याला ‘नान्सियानस’ म्हटले. तळहाताएवढी रुंद, घशाशी ठिपक्यांची नक्षी असलेली ही फुले पाहून तज्ज्ञही थक्क झाले. आजच्या मोठ्या फुलांच्या ग्लॅडिओलसच्या वंशावळीत ‘गांडाव्हेन्सिस’, ‘लमवानाय’ आणि ‘नान्सियानस’ ही तिन्ही नावे येतात.

आगीच्या रंगाचे फूल

याच काळात त्यांच्या वाफ्यात आणखी एक संकर वाढत होता. ‘क्रोकोस्मिया’ या वंशातल्या दोन जाती त्यांनी एकत्र आणल्या होत्या. ‘ऑरिआ’ ही मोठ्या, केशरी, खाली झुकलेल्या फुलांची, पण थंडीपुढे नमणारी. ‘पॉट्सी’ ही लहान ज्वाळेच्या रंगाच्या भरपूर फुलांची आणि काटक. १८८० मध्ये या संकराला फुले आली. एकाची फुलांची शोभा आणि दुसऱ्याचा चिवटपणा त्यात उतरला होता. तलवारीसारखी हिरवी पाने, त्यांतून कमानीसारखे वाकलेले बारीक दांडे आणि त्यांवर केशरी-तांबड्या फुलांच्या रांगा. जुलै ते सप्टेंबर, बागेतली वसंताची शोभा ओसरल्यावर, हे झाड पेट घेतल्यासारखे फुलते.

त्याला मिळालेल्या ‘माँटब्रेशिया’ या नावामागे एका अल्पायुषी तरुणाची आठवण आहे. एर्नेस्त कोकबेर द माँब्रे हा फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ नेपोलियनच्या स्वारीबरोबर इजिप्तला गेला आणि १८०१ मध्ये ऐन विशीत कैरोत मरण पावला. त्याच्या स्मरणार्थ आधी एका वनस्पतिवंशाला दिलेले हे नाव शास्त्राने पुढे मोडीत काढले, परंतु बागवानांच्या तोंडी ते लमवान यांच्या फुलाला चिकटून राहिले. ‘क्रोकोस्मिया’ या शास्त्रीय नावाचा अर्थ केशराचा गंध असा. वाळलेली फुले कोमट पाण्यात टाकली असता खरोखरीच केशरासारखा वास येतो.

एका वाणावर समाधान मानणे लमवान यांच्या स्वभावात नव्हते. माँटब्रेशियाच्या अनेक जाती त्यांनी पुढील वर्षांत दिल्या. त्यातली जर्दाळू-पिवळ्या फुलांची, तपकिरी झाक असलेल्या पानांची ‘सोल्फातार’ आजही रोपवाटिकांत मिळते.

बॉर्डरला मिळालेला आधार

लमवान नान्सीत हे सारे करत असताना इंग्लंडमध्ये बागेची कल्पनाच बदलत होती. दर हंगामाला काचगृहातली रोपे आणून, भूमितीच्या आकृत्यांसारखे वाफे भरायचे आणि हंगाम संपताच उपटून टाकायचे, या खर्चिक पद्धतीविरुद्ध विल्यम रॉबिन्सन यांनी लेखणी उचलली होती. वर्षानुवर्षे जागेवर राहणारी, बहुवर्षायू फुलझाडे लांबलचक पट्ट्यात लावावीत, असा त्यांचा आग्रह होता. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या गर्ट्रूड जेकिल यांनी या पट्ट्यांना रंगसंगतीचे शास्त्र दिले. त्यांच्या मन्स्टेड वुड येथील बागेतला मुख्य पट्टा सुमारे २०० फूट लांब आणि १४ फूट रुंद होता. दोन्ही टोकांना निळ्या-करड्या शांत छटा आणि मध्यभागी पिवळ्यातून केशरी, केशरीतून लाल असा चढत जाणारा रंग, अशी तिची आखणी असे. या मधल्या तप्त भागासाठी त्या डेलिया, कर्दळ आणि ग्लॅडिओलस यांचा उपयोग करीत. योगायोग असा, की जेकिल यांचीही दृष्टी अधू होती.

अशा पट्ट्यात घनकंदाच्या फुलझाडांचे मोल मोठे असते. ती फार जागा अडवत नाहीत. आधी फुलून गेलेल्या झाडांच्या मागे किंवा मध्ये सात-आठ गड्डे पुंजक्याने लावले, तर दोन-तीन महिन्यांत तेथे उभी रेघ ओढल्यासारखे दांडे वर येतात आणि रिकामा कोपरा भरून निघतो. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने गड्डे लावल्यास फुलांचा हंगामही लांबवता येतो. गड्डा आठ-दहा सेंटीमीटर खोल लावावा, म्हणजे दांडा वाऱ्याने कोलमडत नाही. पाण्याचा निचरा उत्तम हवा, कारण गड्ड्याचा खरा शत्रू साचलेले पाणी. फुले काढताना चार-पाच पाने झाडावर राखावीत, नाही तर पुढच्या वर्षीचा गड्डा पोसला जात नाही. युरोपात हिवाळ्यातील हिमापासून वाचवण्यासाठी ग्लॅडिओलसचे गड्डे खणून घरात ठेवतात. महाराष्ट्रातले शेतकरी पाने पिवळी पडू लागल्यावर ते काढून सावलीत सुकवतात आणि पुढच्या लागवडीपर्यंत शीतगृहात ठेवतात. माँटब्रेशियाचे गड्डे मात्र जमिनीतच राहतात. जुन्या गड्ड्यावर नवा अशी त्यांची माळ तयार होते आणि दोन-चार वर्षांनी गर्दी झाली की ती सोडवून पुन्हा लावावी लागते.

सन्मान आणि शेवटची वर्षे

१८७१ नंतरच्या नान्सीत सीमेपलीकडून आलेल्या निर्वासित कुटुंबांची मोठी भर पडली. त्यांत कारागीर होते, उद्योजक होते, विद्वान होते. शहर वाढले आणि कलेचे मोठे केंद्र बनले. काचेच्या फुलदाण्यांसाठी जगभर नावाजलेले एमिल गाले हे याच शहरातले. गाले हे वनस्पतींचे जाणते अभ्यासक होते. १८७७ मध्ये नान्सीत उद्यान संस्था स्थापन झाली, तिच्या कामात गाले आणि लमवान या दोघांचाही सहभाग होता. एकाच्या वाफ्यातली फुले आणि दुसऱ्याच्या काचेवरची फुले एकाच मातीत वाढत होती.

फ्रेंच सरकारने लमवान यांना ‘लेजियाँ द ऑनर’ हा सन्मान दिला आणि पुढे त्यात वरची श्रेणीही बहाल केली. स्वतः लमवान मात्र रोपवाटिकेतच रमले. वयाची ऐंशी वर्षे ओलांडली तरी नवी फुले येतच होती. पिओनीची ‘सारा बर्नहार्ट’ ही गुलाबी जात १९०६ ची. तिची फुले आजही जगभरच्या बाजारांत विकली जातात. मुलगा एमिल तोवर बरोबरीने काम पाहू लागला होता आणि त्याच्यानंतर नातू आंरी याने तो वारसा पुढे नेला.

१९११ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स हॉर्टिकल्चरल सोसायटीने जॉर्ज रॉबर्ट व्हाइट सन्मानपदकासाठी लमवान यांची निवड केली. त्याच वर्षी १२ डिसेंबरला नान्सी येथे त्यांचे निधन झाले. वय ८८ वर्षांचे होते. त्यांच्यामागे रोपवाटिकेने दोन महायुद्धे पाहिली. तीन पिढ्यांच्या कामानंतर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती बंद पडली.

मागे राहिले ते

लमवान यांच्या कामाची एक बाजू त्यांनाही अपेक्षित नसावी. माँटब्रेशियाचा जो चिवटपणा त्यांनी कष्टाने मिळवला होता, तोच पुढे अडचणीचा ठरला. बागेतून उपटून फेकलेल्या गड्ड्यांच्या माळा ओढ्याकाठी, रस्त्याकडेला रुजल्या. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑगस्टमध्ये रस्त्यांच्या दोन्ही कडा केशरी होतात, त्या याच फुलाने. पर्यटकांना ते तेथलेच वाटते. स्थानिक वनस्पतींना ते हटवते म्हणून इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१० पासून ते रानात लावण्यास वा पसरू देण्यास कायद्याने मनाई आहे. घरच्या बागेत ते लावता येते, पण काढलेले गड्डे उघड्यावर टाकणे योग्य नव्हे.

ग्लॅडिओलसच्या वाट्याला याच्या नेमके उलटे आले. लायलॅकचे झुडूप शंभर वर्षेही जगते. मालक बदलले, घर ओस पडले तरी ते फुलत राहते. ग्लॅडिओलसच्या वाणाचे तसे नाही. त्याचा गड्डा दरवर्षी कोणीतरी खणून काढावा, सुकवावा, जपावा आणि पुन्हा लावावा लागतो. एखाद-दोन वर्षे हात आखडला, महायुद्धात शेताला मजूर मिळाला नाही, साठवणीत कंदकूज शिरली, की वाण संपला. लमवान यांनी मोठ्या हौसेने नावे देऊन सूचिपत्रात छापलेले ग्लॅडिओलसचे बहुतेक वाण असेच नाहीसे झाले. ज्या फुलात त्यांनी सर्वांत खोल ठसा उमटवला, त्यात त्यांच्या नावाचा वाण शोधून सापडणे आज कठीण आहे.

ठसा मात्र पुसला गेलेला नाही. त्यांच्या संकरांवर अमेरिका, हॉलंड, जर्मनी येथील संकरकांनी पुढचे काम केले, त्यावर आणखी कोणी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने महाराष्ट्राच्या हवामानासाठी ‘फुले गणेश’सारखे वाण दिले. पावसाळा सरला की पुणे, सातारा, नाशिक या भागांत सरीवरंब्यांवर गड्डे लागतात आणि हिवाळ्यात दांड्यांच्या जुड्या बाजाराची वाट धरतात. त्या जुड्यांतल्या एखाद्या फुलाच्या घशाशी आजही गडद डाग असतो. नाताळच्या रानातल्या एका दुर्लक्षित फुलावर तो प्रथम हेरणाऱ्या माळ्याला धड दिसतही नव्हते.